वाचून दाखवले, बरोबर आहे

चाचा, तुम्हाला जाऊन अठरा-एकोणीस वर्षं झाली असतील. नेमकं सांगता येत नाही, कारण तुम्ही गेलात त्या दिवशी मी जालन्यात एका मीटिंगला बसले होते आणि मला कळलं ते चार दिवसांनी. अण्णांचा फोन आला. म्हणाले, "तुझे चाचा गेले. मिट्टी बी झाली. आता यिऊन काय करतीस?" मी आले नाही. त्याबद्दल तुम्हाला लिहायचं कितीदा मनात आलं, पण ते पत्र राहूनच गेलं आणि आज बसले आहे ती दुसरंच काही लिहायला. रविवारची दुपार आहे, घरात कुणी नाही, सोमवारी द्यायचं काम समोर पडलंय, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय ते हातात घ्यावंसं वाटत नाही.

तहसिलीसमोरची आपली पत्र्याची शेड आता नाही. तिथं ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांची दुकानं झालीत, ओळीनं पाच-सहा. मागे एका कामानं गेले तेव्हा तुमचं टेबल जिथं होतं तिथं एक मोटारसायकल उभी होती. मी तरुण पोरांना सांगते की माझे उस्ताद अर्जनवीस होते, तर ती माझ्या तोंडाकडे बघतात. मग फोड करून सांगावं लागतं की ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं कागदावर उतरवून देणारा माणूस. "म्हणजे कन्सल्टंट," एक पोरगा म्हणाला. मी हो म्हटलं. तुम्हाला हसू आलं असतं.

मला आठवतं, अण्णांनी मला तुमच्याकडे आणलं तेव्हा माझी टायपिंगची परीक्षा झाली होती, बी.ए. झालं होतं, आणि लग्नाचं जमत नव्हतं. अण्णा तहसिलीत शिपाई, तुमच्याकडचा चहा रोजचा. "पोरीला मराठी टायपिंग येतं, बसू द्या बाजूला," एवढंच ते म्हणाले. तुम्ही तुमची पत्र्याची पेटी टेबलाच्या खाली सरकवली आणि माझ्या टाइपरायटरला जागा करून दिली. लोक बघायचे. म्हातारे मुसलमान अर्जनवीस आणि त्यांच्या शेजारी वेणी घातलेली पोरगी टकटक करतेय. कुणी फारच टक लावून बघितलं की तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणायचा, "भतीजी हाय माझी. अर्ज लिहायचाय का नुसतं बघायचंय?" दोन वर्षं मी तिथं बसले. माझं खरं शिक्षण तेवढंच झालं, बाकीची सर्टिफिकिटं आहेत.

तुमची पद्धत मला तेव्हा वेळखाऊ वाटायची. माणूस येऊन बसायचा, बोलायला लागायचा, आणि त्याचं पूर्ण होईपर्यंत तुम्ही लेखणीला हात लावायचा नाही. तो थांबला की तुम्ही म्हणायचा, "और?" मग तो आणखी काही सांगायचा, आणि बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या "और"नंतरच यायची. मग तुम्ही कच्चं लिहायचा, मी टाइप करायची, आणि मग तो अख्खा अर्ज तुम्ही मोठ्यानं वाचायचा. हळू नाही, मोठ्यानं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ऐका पाटील, बराबर हाय का बघा." माणूस मान हलवायचा, एखादा म्हणायचा, "हे म्या असं न्हाई म्हनलं." की कागद बाजूला, दुसरा कागद. सगळं जुळलं की खाली तुम्ही स्वतःच्या हातानं लिहायचा: वाचून दाखवले, बरोबर आहे. त्याच्या खाली अंगठा. कोऱ्या कागदावर अंगठा तुम्ही कुणाला कधी करू दिला नाहीत. एकदा एक मोठा माणूस आपल्या सालगड्याला घेऊन आला आणि म्हणाला, आधी अंगठा घेऊन ठेवा, मजकूर मी नंतर सांगतो. तुम्ही शाईचं पॅड बंद करून पेटीत ठेवलंत आणि त्याला म्हणालात, "आज स्याही न्हाई." मी पॅडकडे बघत राहिले होते, ते ओलंचिंब होतं.

आणि ती निराधार पगाराची, म्हणजे सरकारी पेन्शनच्या अर्जाची बाई. तुम्ही विसरला असाल, तुमच्याकडे रोज तशा चार यायच्या. मी विसरले नाही, कारण तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात ते तिच्यापायी. नवरा वारलेला, लेक जालन्याला कुठल्याशा कारखान्यात, बघत नाही, विचारत नाही. तुम्ही नमाजाला गेला होता. मला वाटलं आपणच करून टाकू. मला एव्हाना साहेबांची नाडी कळायला लागली होती. सज्ञान मुलगा आहे म्हटलं की अर्ज बाद, हे मला ठाऊक होतं. मी टाइप केलं: मला मूलबाळ नाही, मला कोणीही नाही. तुम्ही परत आलात, कागद घेतला, रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागलात. त्या ओळीला बाई उठून उभी राहिली. भांडली नाही. नुसतं म्हणाली, "माझा लेक जित्ता हाय. त्याला कामून मारून राह्यले तुम्ही?" आणि पदर सावरून चालायला लागली. तुम्ही तिच्यामागे शेडच्या बाहेर गेलात, तिला परत आणून बसवलंत, पाणी दिलंत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "उनों बोली नहीं सो कायकू लिखी बेटा?" मी म्हटलं, "चाचा, खरं लिहिलं तर मंजूर होणार नाही." तेव्हा तुम्ही तो कागद चार वेळा फाडलात. "मंजूर करना साहब का काम. अपना काम क्या? उनकी बात टेबल तक जाना. आगे साहब जाने." आणि मग, "कागज पे किसीका बच्चा नक्को मार."

खरा अर्ज गेला. लेक आहे पण सांभाळत नाही, असा. तो नामंजूर झाला, मी म्हटलं होतं तसाच. बाई पुढं कितीतरी मंगळवारी यायची, टेबलाशी उभी राहायची आणि विचारायची, "आला का माझा कागद?" आणि तुम्ही तिला खुर्ची द्यायचा. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता, हे आता सांगते. मला वाटायचं, हे कसलं इमान, ज्याचा खर्च त्या बाईच्या पोटावर पडतो. अजूनही कधीकधी तसंच वाटतं. ह्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्याकडून घ्यायचं होतं, ते राहिलं.

मला जालन्याच्या एका स्वयंसेवी संस्थेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला रद्दीवाल्याकडून आणलेली इंग्रजी-मराठी डिक्शनरी दिलीत. कव्हर नव्हतं, तुम्ही खाकी कागद घालून शिवून आणलं होतं. पहिल्या पानावर उर्दूत एक ओळ लिहिली होतीत आणि सवयीनं ती मला वाचूनही दाखवलीत. मी घाईत होते, बस लागली होती, मी "हौ चाचा" म्हटलं आणि निघाले. ती ओळ काय होती ते मी विसरले. डिक्शनरी आहे, शाई अजून ठळक आहे. कुणाकडूनही वाचून घेता येईल, आमच्या ऑफिसात उर्दू येणारे दोघं आहेत, पण अजून विचारलेलं नाही.

त्या डिक्शनरीनं मला पोसलं, हे मात्र खरं. संस्थेत मी टायपिस्ट म्हणून लागले आणि तीन-चार वर्षांत त्यांची प्रपोजलं मीच लिहायला लागले. प्रपोजल म्हणजे अर्जच, चाचा. फक्त साहेब इथं बसत नाही, तो पुण्या-मुंबईत नाहीतर दिल्लीत बसतो, आणि अर्ज इंग्रजीत लागतो. फॉर्मला चौकटी असतात. समस्या काय, उपाय काय, किती लोकांना लाभ, तीन महिन्यांनी काय दिसेल, आम्ही पैसे द्यायचे थांबवल्यावर काम कसं चालेल. प्रत्येक चौकटीत किती शब्द बसवायचे ते ठरलेलं. माणूस आधी बोलतो आणि मग अर्ज होतो, हे तुमच्याकडचं. इथं अर्ज आधीच झालेला असतो, त्यात माणूस बसवायचा असतो. मी ते चांगलं करते. राजूरहून, भोकरदनहून, घनसावंगीकडून छोट्या छोट्या संस्थांचे लोक माझ्याकडे येतात, चार बायकांचं मंडळ, एखादा निवृत्त मास्तर, पिशवीत रजिस्ट्रेशनचे कागद घेऊन. "ताईनं लिवलं की मंजूर," असं माझ्याबद्दल बोललं जातं. मला ते आवडतं. माझ्या हातचा अर्ज गेल्या आठ वर्षांत फिरून आला नव्हता.

मावशी माझ्याकडे आल्या त्या तीर्थपुरीच्या बाजारातून थेट, आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवून बसल्या. तीर्थपुरीच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव आहे. अंगणवाडीत मदतनीस होत्या, रिटायर झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या जावेनं मिळून एक काम चालवलं होतं आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की याला संस्था काढली तर पैसे मिळतात. संस्था काढली होती. शिक्का होता, लेटरहेड होतं, पैसे नव्हते. मी त्यांना विचारलं, काम काय करता? तुमची सवय थोडी शिल्लक आहे माझ्यात, मी पेन उचललं नाही, बोलू दिलं. त्यांनी सांगितलं की दसरा झाला की गावातल्या टोळ्या ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्यालाच परत. मागं राहतात ती म्हातारी माणसं. त्यांना दुपारी समाजमंदिरात एक वेळ जेवायला घालतो. पिठलं, भाकरी, कधी वरण. मी म्हटलं, "और?" मावशी हसल्या. म्हणाल्या, "जेवन तं बहाना हाय ताई. समद्यांनी आपलं आपलं ताट घिऊन यायाचं, असं म्या ठरवलंय. पंगत बसली की म्या ताटं बघते. ज्याचं ताट आलं न्हाई त्याच्या घरी जाते. म्हातारं मानूस घरात पडलं तं कुणाला कळतंय? बस, येवढंच काम हाय आमचं."

मी त्यांच्या गावी जाऊन ती पंगत पाहिलीय. पंचवीस-तीस माणसं, भिंतीला टेकून ओळीनं. स्टीलची ताटं, पितळी, एकाचं तर कढईचं झाकण. सगळ्यांत शेवटी एक आजी यायची, कड चेमटलेली जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची ताटली घेऊन, आणि ताटलीत मूठभर ज्वारीचं पीठ. फुकट खायचं नाही म्हणून रोज मूठभर पीठ. मावशी ते पीठ निमूट डब्यात टाकायच्या. मी गेले त्या दिवशी एक ताट आलं नव्हतं. मावशी हात पुसत उठल्या, मी त्यांच्यामागं गेले. दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारा दाराशी बसला होता, म्हणाला आज भूक नाही. मावशी म्हणाल्या, "भूक नसू द्या, ताट घिऊन या." आणि तो आला. परत येताना मी मनात म्हटलं की हे लिहायला किती सोपं आहे.

सोपं नव्हतं. मी ज्यांच्याकडे अर्ज करणार होते ते अन्नदानाला पैसे देत नाहीत. त्यांच्या त्या वर्षीच्या यादीत होतं ते उपजीविका आणि महिला सक्षमीकरण. आणि ती शेवटची चौकट, पैसे थांबल्यावर काम कसं चालेल. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "आदी बी चालतच व्हतं की. थोडं थोडं चालंल. मी मेल्यावर न्हाई चालायचं." हे कुठल्या चौकटीत घालू? मग मी डोकं चालवलं. ज्येष्ठ महिलांचा पापड उद्योग. यंत्रं घ्यायची, उडदाचे पापड करायचे, विक्रीतून जेवणाचा खर्च निघेल, काम आपल्या पायावर उभं राहील. लिहिता लिहिता मलाच ते खरं वाटायला लागलं. फार चांगलं लिहिलं होतं मी, चाचा. पंगत एका वाक्यात आली, ताटांचं काहीच आलं नाही. मावशी सहीला आल्या. इंग्रजी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "काय लिव्हलं ताई?" मी म्हटलं, "तुमचंच लिहिलंय." त्यांनी सही केली, अंगणवाडीत शिकल्या तशी, एकेक अक्षर सुटं. पुढं चुकून काही लागलं तर पुन्हा वीस-बावीस कोस यायला नको म्हणून मी त्यांच्याकडून चार कोऱ्या लेटरहेडवरही सह्या घेऊन ठेवल्या. सगळेच घेतात. आमच्या धंद्यात त्यात कुणाला काही वाटत नाही.

मंजूर झालं. यंत्रं आली, पीठ मळायचं एक, लाटायचं एक. ती ठेवायला गावात पक्की जागा एकच, समाजमंदिर. भिंतीची ओळ गेली. बाहेर फ्लेक्स लागला, त्यावर सक्षमीकरण हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरात. जर्मनच्या ताटलीवाल्या आजीनं मला विचारलं, "काय लिव्हलंय त्यावर?" मी सांगितलं, म्हाताऱ्या बायांना सक्षम करायचं. ती म्हणाली, "आता सक्षम हून जायाचं कुठं बाई? वर?" सगळ्या हसल्या, मीही हसले. यंत्राला लागणारी मोठी लाइट, थ्री-फेजची, गावात दुपारीच यायची, बरोबर पंगतीच्या वेळेला. किती पापड करायचे ते कागदावर मीच लिहून दिलं होतं, ते पुरं करायला मावशी आणि त्यांची जाऊ दोघी यंत्रापाशी. पंगत आधी दिवसाआड झाली. मग आठवड्यातून दोनदा. मावशींचा एकदा फोन आला होता, "ताई, जमून न्हाई राह्यलं, पंगत मोडून राह्यली." मी म्हटलं, पहिलं वर्ष काढा, मग आपण बघू. असं म्हणणं माझ्या तोंडात बसलेलंच आहे.

ती आजी पंगतीच्या दुसऱ्या दिवशी घरात पडली. पुढची पंगत त्यानंतर तिसऱ्या दिवशी होती. ताटली आली नाही तेव्हा मावशी गेल्या. चुलीजवळ पडली होती, जिवंत होती, जीभ लाकडागत झालेली. जीप मिळेपर्यंत आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली. लेक-सून ऊसतोडीला, तिकडून यायला त्यांना दीड दिवस लागला. मी हे सगळं मावशींच्या तोंडून ऐकलं. त्या रडत नव्हत्या. "म्या दररोज जात व्हते ताई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "दररोज जात व्हते." त्यानंतर महिन्याभरात वर्षाचा अहवाल छापून आला आणि त्याच्या पहिल्या पानावर तीच आजी, दोन्ही हातांत पापड धरून. फोटो मीच निवडला होता, ती गेली त्याच्या आधी. खाली मीच लिहिलेलं इंग्रजी वाक्य, की आता ती कुणावर अवलंबून नाही. मी ते पान मावशींना दाखवलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मावशी पुन्हा आल्या. मुदत संपत आली होती, नवा अर्ज करायचा होता. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ताई, यंदा मशीन नको. फकस्त जेवन लिव्हा. आन ताटाचं लिव्हा." मी त्यांना म्हटलं, असं लिहिलं तर मिळणं कठीण आहे. "न मिळू द्या. पर लिव्हा तं खरं." मग काय झालं कुणास ठाऊक, मी फॉर्म बाजूला ठेवला, साधा कागद घेतला आणि त्या बोलल्या तसं मराठीत लिहिलं. पंगत, ताटं, ज्याचं ताट येत नाही त्याच्या घरी जाणं. आजीचंही लिहिलं, कसं झालं ते. पैसे थांबल्यावर कसं चालेल याच्यापुढं लिहिलं, मी आहे तोवर चालेल. मग मोठ्यानं वाचलं. ऑफिसातली माणसं वळून बघायला लागली. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला, मी तीस माणसं लिहिलं होतं, त्या म्हणाल्या, "आता सव्वीस." मी खोडून सव्वीस केलं. "बराबर हाय," त्या म्हणाल्या. मी खाली ती तुमची ओळ लिहिली, वीस वर्षांनी, आणि त्याखाली त्यांनी सही केली. मग तेच मी इंग्रजीत उतरवलं, शब्दाला शब्द ठेवून. त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली आणि बरंही वाटलं, तेही सांगते.

तो अर्ज नामंजूर झाला. जेवणाला आमच्याकडे पैसे नाहीत असं त्यांनी कळवलं आणि पापडाचं तेवढं आणखी दोन वर्षं पुढं चालू ठेवलं. मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. त्यायनं वाचलं तरी ना?" मी म्हटलं, "हो, वाचलं." "बस मंग," त्या म्हणाल्या. "तुमी तं खरं लिव्हलं." यंत्रं अजून समाजमंदिरात आहेत. यंदाही टोळ्या गेल्या. मावशी आता यंत्र बंद झाल्यावर संध्याकाळी जमेल तसं चार घरी जाऊन येतात, गुडघे दुखतात म्हणून सगळ्या घरी जाता येत नाही. ज्या घरी जाता येत नाही तिथं काय होत असेल ते मी विचारत नाही.

आणि मी आता सल्लाही देते, चाचा. जालन्यात एका हॉलमध्ये महिन्यातून एकदा छोट्या संस्थांचे पन्नासेक लोक बसतात आणि मी त्यांना सांगते की देणाऱ्याच्या मनात काय आहे ते आधी ओळखा, आपल्या कामाला त्याच्या भाषेत बसवा. परवा राजूरकडचे एक गृहस्थ उभे राहिले, पांढरी टोपी, बहिऱ्या मुलांसाठी काही करतात. म्हणाले, "म्याडम, आमचं काम तसं न्हाई, पर तसं लिव्हलं तं मिळंल का?" सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. तुम्ही मागच्या खुर्चीवर असता तर, असा विचार माझ्या मनात आला होता. मी म्हटलं, "मिळेल." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. उद्या सोमवारी त्यांचाच अर्ज मला द्यायचा आहे, तोच समोर पडला आहे.

एवढं लिहून झाल्यावर मी उठले, दार लावून घेतलं आणि हे पत्र तुमच्यासारखं मोठ्यानं वाचलं. ऐकायला कुणी नव्हतं. तुम्ही रागावलात तिथवर नीट वाचलं. पंगतीचंही वाचलं. "तो अर्ज नामंजूर झाला" इथं आले आणि पुढं जाता येईना. तुमच्या टेबलाशी माणसं जशी हात वर करून थांबवायची तसं झालं. पण त्यांच्यासारखं, हे मी असं म्हटलं नाही, असं मला म्हणता येत नव्हतं. हे मीच म्हटलं होतं, मावशींना फोनवर आणि तुम्हाला इथं, दोन्ही वेळा.

तो अर्ज नामंजूर झाला नाही, चाचा. मी तो पाठवलाच नाही. शेवटच्या दिवशी मी चौकटी उघडल्या, माझ्या नावावरचा आठ वर्षांत न फिरलेला कागद पहिल्यांदा फिरून येणार हे मला दिसलं, आणि मी मावशींच्या कोऱ्या सहीच्या लेटरहेडवर पापडाचाच अर्ज पुन्हा छापून लावला. तो मंजूर झाला. तो खरा अर्ज गेला असता तरी बादच झाला असता, असं मी रोज स्वतःला सांगते, आणि झालाच असता. पण तो टेबलापर्यंत गेला नाही. माझ्या खणात आहे, सव्वीसचा आकडा खोडून दुरुस्त केलेला, खाली माझ्या अक्षरात ती तुमची ओळ आणि तिच्याखाली मावशींची एकेक अक्षर सुटी सही. हे पत्र त्याच खणात ठेवते आहे. याच्याखाली ती ओळ लिहीत नाही.